चार मिनिटांत सुरू होणारी लाईन: एका उत्पादन व्यवस्थापकाचा प्रकरण अभ्यास

लेबल मशीन थांबलं तेव्हा मी जिन्याजवळ उभा होतो. बाटल्या कन्व्हेयरवर एकमेकींना खेटून थांबल्या आणि वरचा दिवा लुकलुकायला लागला. ऑपरेटरने आधी मशीनकडे पाहिलं, मग सुपरवायझरकडे. सुपरवायझरने खिशातून फोन काढला. मिनिटभरात उत्पादन व्यवस्थापक जवळजवळ पळतच आले. कोणाला काही न विचारता त्यांनी मशीनचं दार उघडलं, रोलखालचा सेन्सर फडक्याने पुसला, गाइडचा, म्हणजे लेबल सरळ ठेवणाऱ्या पट्टीचा, स्क्रू किंचित पिळला, दोन-तीन बाटल्या सोडून पाहिल्या आणि बटण दाबलं. लाईन सुरू. सगळं मिळून चार मिनिटं.

त्या चार मिनिटांत ऑपरेटर, सुपरवायझर आणि मेंटेनन्सचा एक तरुण असे तिघं हाताची घडी घालून बघत होते. त्यांच्यात आळस नव्हता, होता तो आदरच. "सर आले की लाईन सुरू होणारच," सुपरवायझर मला म्हणाला. त्याने ते मनापासून कौतुकाने म्हटलं. मला मात्र ते वाक्य पुढे कित्येक दिवस सोडेना, कारण मला प्रशिक्षक म्हणून तिथे बोलावलं होतं ते नेमकं याच व्यवस्थापकांमध्ये 'नेतृत्व कमी आहे' म्हणून.

हा अभ्यास त्या एका माणसाचा आहे. कंपनी कोणती, माल कुठला, हे सांगत नाही. त्याची गरजही नाही. भरणं, झाकण लावणं, लेबल लावणं, पेट्यांत भरणं अशी सलग लाईन, तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला एक सुपरवायझर आणि तिघांवर मिळून हे एक व्यवस्थापक. अशी रचना जिथे जिथे आहे तिथल्या लोकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

बोलावणं कशासाठी आलं

प्लँट हेडची तक्रार थोडक्यात अशी: माणूस सोन्यासारखा आहे, पण तो सुट्टीवर गेला की उत्पादन घसरतं. वरची एक जागा रिकामी झाली होती आणि अनुभवाने ती यांनाच मिळायला हवी होती. पण यांना वर नेलं तर खाली कोण, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ते जितके चांगले, तितके त्याच जागी अडकलेले. त्यांना हे माहीत होतं आणि आत कुठेतरी ते सलत होतं.

एचआरने प्रयत्न केला नव्हता असं नाही. आदल्या वर्षी दोन दिवसांची नेतृत्व कार्यशाळा झाली होती. फाईलमध्ये अभिप्रायाचे फॉर्म होते, जवळपास सगळ्यांनी वरचे गुण दिलेले. प्रशिक्षणाचं मोजमाप चार पायऱ्यांनी करावं, असं अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्याने कामाच्या निकालात फरक पडला का. या फाईलमध्ये पहिलीच पायरी होती. पुढच्या तिन्हींबद्दल एक कागद नव्हता. बहुतेक ठिकाणी हेच दिसतं आणि मला त्याचं वाईट वाटतं. पैसे, वेळ आणि लोकांची उमेद हे सगळं पहिल्या पायरीवरच सांडून जातं.

कार्यशाळेबद्दल मी व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, "समजतं हो सगळं. काम वाटून द्या, विश्वास ठेवा, प्रश्न विचारा. मला पाठ आहे. पण लाईन थांबली की पाय आपोआप चालायला लागतात."

माझ्या मते अख्खं प्रकरण या एका वाक्यात आहे. यांना नेतृत्व समजावून सांगायची गरज नव्हती. प्रश्न पायांचा होता. वैयक्तिक नेतृत्व म्हणजे दुसऱ्यांना चालवण्याआधी स्वतःची घाई, स्वतःची भीती आणि स्वतःच्या हातातल्या कसबाचा अभिमान हाताळता येणं. उत्पादनात ते जास्त अवघड, कारण इथे दर तासाचा आकडा फळ्यावर लिहिला जातो आणि विचार करायला थांबलेला माणूस रिकामा उभा असल्यासारखा दिसतो.

त्यांची वाटचालही लक्षात घ्यायला हवी. याच लाईनवर ते फिटर म्हणून लागले. प्रत्येक बढती मिळाली ती बिघाड पटकन काढतात म्हणून. फिटरचा चार्जहँड (छोट्या गटाचा प्रमुख), मग सुपरवायझर, मग व्यवस्थापक. दर वेळी पदाचं नाव बदललं, पण 'आता तुमचं काम वेगळं आहे' हे कोणी बसवून सांगितलं नाही. ज्या गुणाने माणूस वर आला तोच गुण पुढे त्याची वाट अडवतो, हे त्याला स्वतःहून कळणं फार कठीण. त्यात त्याचा दोष मला दिसत नाही.

तीन दिवस नुसतं बघणं

टोयोटाच्या तैइची ओहनो यांच्याबद्दल सांगतात की ते कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून एखाद्याला त्यात उभं करत आणि 'बघत राहा' म्हणत. मी खडू वापरला नाही, पण पहिले तीन दिवस व्यवस्थापकांच्या मागे वही घेऊन फिरण्याखेरीज काही केलं नाही.

व्यवस्थापकाचा दिवस किती तुकड्यांचा असतो हे जुनंच निरीक्षण आहे. अमेरिकेतल्या ५६ फोरमनवर, म्हणजे कामगारांवर थेट देखरेख करणाऱ्यांवर, १९५६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात आठ तासांच्या पाळीत सरासरी ५८३ कामं मोजली गेली. म्हणजे एका कामाला सलग एक मिनिटही मिळत नव्हतं. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९७३ मध्ये पाच मोठ्या अधिकाऱ्यांचा अभ्यास मांडला, त्यातही निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपणारी होती. त्यामुळे 'शांत बसून विचार करा' हा सल्ला यांच्या बाबतीत फुकटच. जो काही बदल घडवायचा तो त्या तुकड्यांच्या आतच घडवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी फक्त एक गोष्ट मोजली. त्यांच्याकडे ३१ वेळा कोणी ना कोणी प्रश्न घेऊन आलं. त्यातले २८ जण उत्तर घेऊन परत गेले. तिघं तसेच परत गेले, आणि तिन्ही वेळा कारण एकच: मध्येच सरांचा फोन वाजला. 'तुला काय वाटतं' हा प्रश्न दिवसभरात एकदाही ऐकू आला नाही.

मग मी तिन्ही पाळ्यांच्या सुपरवायझरांशी वेगवेगळं बोललो. पहिल्या पाळीचे ज्येष्ठ, पुष्कळ वर्षं झालेले. त्यांना सगळं ठीकच वाटत होतं. दुसऱ्या पाळीचे मोजकं बोलले. रात्रपाळीचा सगळ्यांत तरुण. तो आधी टाळत होता, मग म्हणाला, "गाइडचा स्क्रू मलाही कळतो. पण मी हात लावला आणि बिघडलं, तर सर ओरडणार नाहीत. ते गप्प येतील आणि स्वतः करतील. ते जास्त लागतं."

ओरडणारा साहेब माणसाला घाबरवतो हे सगळ्यांना माहीत असतं. न ओरडता हातातलं काम काढून घेणारा साहेब काय करतो, हे मला त्या रात्रपाळीच्या मुलाने शिकवलं.

आरसा कसा दाखवायचा

इथे मी बराच विचार केला. अशा वेळी रिवाज असतो तो चोहोबाजूंनी अभिप्राय गोळा करून जाडजूड अहवाल हातात देण्याचा. पण अभिप्राय दिला म्हणजे माणूस सुधारतोच असं नाही. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये यावरची पूर्वीची संशोधनं एकत्र करून तपासली, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी उलट खाली गेल्याचं दिसलं. लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' याकडे वळलं की अभिप्राय घात करतो, असं त्यांनी सांगितलं. या माणसाला 'तुम्ही लोकांना वाढू देत नाही' असं लिहून दिलं असतं तर तो आठवडाभर झोपला नसता आणि नवव्या दिवशी पुन्हा मशीनचं दार उघडून उभा असता.

म्हणून मी दोनच गोष्टी समोर ठेवल्या: ३१, २८ आणि ३ हे आकडे, आणि पाळी बदलताना लिहायचं हँडओव्हर रजिस्टर.

रजिस्टर कडेला तेलकट झालेलं, मधला धागा सुटलेला. रात्रपाळीची पानं मी खुणा घालून ठेवली होती. एकाच अक्षरात, वेगवेगळ्या तारखांना, जवळपास तेच वाक्य: 'लेबल तिरकं येत होतं. सरांना फोन केला. ठीक.' दीड महिन्यात पाच वेळा. कुठेही का तिरकं आलं ते नाही, काय केलं ते नाही.

त्यांनी पानं पुढे-मागे केली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे रजिस्टर मी वाचतच नाही. यातलं सगळं मला आधीच माहीत असतं."

आणि लगेच त्यांनी तो प्रश्न विचारला, जो कोणत्याही प्रामाणिक उत्पादनवाल्याने विचारायलाच हवा: "मग काय, लाईन बंद ठेवू? त्यांना शिकवायचं म्हणून?"

या प्रश्नाला घाईने उत्तर देणाऱ्या प्रशिक्षकावर विश्वास ठेवू नये असं मला वाटतं. कारण कधी कधी खरंच थेट हुकूम देणंच बरोबर असतं. आम्ही दोघांनी बसून गेल्या काही आठवड्यांतले थांबे तीन ढिगांत वाटले. कोणाच्या हातापायाला किंवा मालाच्या सुरक्षिततेला धोका असेल, तिथे चर्चा नाही. ते सांगतील तसं, लगेच. डिस्पॅचची, म्हणजे माल न्यायची, गाडी दारात उभी असेल किंवा बिघाड कधीच न पाहिलेला असेल, तिथे सगळ्यांनी मिळून, त्यांचा हात सगळ्यांबरोबर. आणि तिसरा ढीग पुन्हा पुन्हा येणाऱ्या, ओळखीच्या, अर्ध्या तासात सुटू शकणाऱ्या बिघाडांचा. तिसरा ढीग सगळ्यांत मोठा निघाला. माणसाची तयारी आणि कामाचं स्वरूप पाहून नेत्याने आपली पद्धत बदलावी, हा हर्सी आणि ब्लँचर्ड या अभ्यासकांचा १९६९ पासूनचा विचार त्यांनी कार्यशाळेत तक्त्यावर पाहिला होता. पण स्वतःच्या लाईनवरचे थांबे स्वतःच्या हाताने वेगळे केले तेव्हा तो त्यांचा झाला.

फक्त तिसऱ्या ढिगात आपण काही वेगळं करू, एवढंच ठरलं.

हात कुठे ठेवायचे

'मी आता जास्त ऐकून घेईन' असला संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली साधी युक्ती मला कामात फार उपयोगी पडली आहे: अमुक झालं तर मी तमुक करीन, असं आधीच नेमकं ठरवून ठेवायचं. म्हणजे ऐन वेळी इच्छाशक्ती शोधत बसावं लागत नाही. व्यवस्थापकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं: 'लाईन थांबली आणि कोणाला धोका नसला, तर मी मशीनपासून तीन पावलं लांब उभा राहीन आणि सुपरवायझरला विचारीन, आतापर्यंत तू काय पाहिलंस?'

'काय झालं' असं नाही, 'काय पाहिलंस'. शब्दांतला हा फरक बारीक वाटतो, पण 'काय झालं' विचारलं की माणूस सफाई द्यायला लागतो. 'काय पाहिलंस' विचारलं की तो मशीनकडे वळतो.

पहिला आठवडा जवळपास पूर्ण वाया गेला. ते तीन पावलं लांब उभे राहायचे, प्रश्न विचारायचे आणि उत्तर येण्याआधी स्वतःच सांगायचे, "सेन्सर बघ, सेन्सर." एकदा प्रश्न विचारता विचारताच त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. संध्याकाळी ते स्वतःवर चिडले होते. मी विचारलं, त्या क्षणी शरीरात काय होतं? थोडं थांबून म्हणाले, "तळहातांना खाज सुटल्यासारखं होतं." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हातात छोटी वही आणि पेन धरायला सुरुवात केली. लाईन थांबली की वेळ लिहायची आणि समोरचा जे सांगेल ते शब्दशः उतरवायचं. हातांना काम मिळालं. हा उपाय माझा नाही, त्यांनीच शोधला, आणि सगळ्या प्रकरणात सगळ्यांत जास्त उपयोगी हाच ठरला.

तिसऱ्या आठवड्यात लेबल पुन्हा तिरकं यायला लागलं. रात्रपाळी सुरू होऊन तासच झाला होता आणि व्यवस्थापक मुद्दाम थांबले होते. त्यांनी वेळ लिहिली. विचारलं, "काय पाहिलंस?"

रात्रपाळीचा सुपरवायझर म्हणाला, "लेबल तिरकं आहे." मग गप्प.

पूर्वीच्या हिशोबाने इथे दार उघडलं असतं. ते थांबले. ती शांतता मी विसरणार नाही. कन्व्हेयर बंद असला की त्या जागेत दुसऱ्या लाईनचा आवाज अचानक मोठा वाटतो. मुलगा खाली वाकला. म्हणाला, "सगळी नाही. एक आड एक पण नाही. रोलच्या सुरुवातीला जास्त येत होती." पेन चाललं. "अजून?" त्याने थांबलेल्या बाटल्या हातात घेऊन ओळीने लावल्या. तिरकेपणा प्रत्येकीवर एकाच बाजूला होता. मग त्याने सेन्सरला हात न लावता गाइडची पट्टी हलवून पाहिली. ती हलली. घट्ट असायला हवी होती.

रोल बदलताना ती पट्टी सैल करावी लागते आणि नवा रोल बसल्यावर पुन्हा आवळावी लागते. आवळायची किती, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक जण आपल्या अंदाजाने आवळत होता. लाईनच्या हादऱ्याने पट्टी हळूहळू सरकायची, लेबल तिरकं यायचं, आणि सर येऊन स्क्रू पिळून जायचे. त्यांच्या बोटांना तो अंदाज इतका मुरलेला होता की आपण दर वेळी एकच दुखणं पुन्हा पुन्हा बरं करतो आहोत हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. चार मिनिटांचा इलाज पाच वेळा झाला होता आणि कारण तसंच राहिलं होतं.

यावेळी २६ मिनिटं लागली. मुलाने पट्टीवर आणि फ्रेमवर मार्करने जुळती रेघ ओढली, म्हणजे पट्टी सरकली तर लांबूनच दिसेल. व्यवस्थापकांनी ती रेघ बघितली आणि म्हणाले, "मला हे सुचलं नसतं." ते उगाच बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नव्हतं, म्हणूनच त्या मुलाला ते पोचलं.

अकराव्या मिनिटाचा फोन

हे लिहिताना एक गोष्ट मागे ठेवली होती. त्या २६ मिनिटांपैकी अकराव्या मिनिटाला व्यवस्थापकांचा फोन वाजला. प्लँट हेड. घरी बसून त्यांना स्क्रीनवर लाईन थांबलेली दिसत होती. "अजून सुरू का नाही? तुम्ही आहात ना तिथे?"

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. ते "बघतो सर" म्हणाले, फोन ठेवला आणि एक पाऊल मशीनकडे टाकलं. मग थांबले. दुसरं टाकलं नाही. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला नेतृत्वाचा सगळ्यांत मोठा क्षण तो होता आणि तो कोणाच्याही लक्षात आला नाही.

माझी चूकही तिथेच उघडी पडली. मी वरून सुरुवात करायला हवी होती. एडविन फ्लीशमन यांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीतल्या फोरमनचा केलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांशी समजुतीने कसं वागावं याचं प्रशिक्षण घेऊन फोरमन बाहेर पडले तेव्हा त्यांचे विचार बदललेले होते. पण परत कामावर गेल्यावर त्यांचं वागणं प्रशिक्षणापेक्षा त्यांच्या स्वतःच्या साहेबाच्या वागण्यावर जास्त ठरत होतं. साहेब जसा, तसा फोरमन. हे मला ठाऊक होतं. तरी 'यांच्यात नेतृत्व कमी आहे' हे वाक्य ऐकून मी 'यां'च्याकडेच बघत राहिलो. साडेतीन आठवडे तो माणूस खालून बदलायचा प्रयत्न करत होता आणि वरून त्याला दर तासाला जुन्या जागी ओढलं जात होतं.

प्लँट हेडशी बोलणं सोपं नव्हतं. ते वाईट साहेब नव्हते. त्यांच्यावरही आकड्यांचा ताण होता आणि या एका माणसाला फोन केला की जीव शांत होतो, ही त्यांची सवय. मी त्यांना ती २६ मिनिटं सांगितली, रजिस्टरमधली पाच पानं दाखवली आणि विचारलं, त्या फोनमध्ये तुम्हाला नेमकं काय हवं होतं? ते म्हणाले, "कोणीतरी बघतंय एवढं कळायला हवं होतं." ते तर तो सुपरवायझरही सांगू शकला असता.

त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या. लाईन ३० मिनिटांपेक्षा जास्त थांबली तरच ते फोन करतील, आणि तोही आधी पाळीच्या सुपरवायझरला. आणि सकाळच्या बैठकीत कालच्या थांब्याबद्दल व्यवस्थापक बोलणार नाहीत, ज्याच्या पाळीत तो झाला तो बोलेल. पहिली गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात दोनदा मोडली. पण दुसरी पाळली, आणि खरा फरक दुसरीनेच पडला. सुपरवायझर बैठकीत तयारी करून यायला लागले, कारण आता विचारणा त्यांनाच होणार होती.

पाळीच्या शेवटी दहा मिनिटं

बाकीच्या गोष्टी मग तुलनेने लवकर झाल्या. अमेरिकी सैन्यात सत्तरच्या दशकापासून सरावानंतर बसून काही साधे प्रश्न विचारायची पद्धत रूढ झाली: काय व्हायचं होतं, काय झालं, असं का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. पद आणि हुद्दा बाजूला ठेवून. ती आम्ही पाळी बदलताना आणली, दहा मिनिटं, उभ्यानेच, मशीनशेजारी. नियम एकच: व्यवस्थापकांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं. साहेब आधी बोलला की बाकीचे त्याच्याच वाक्याला दुजोरा देतात, हे तिथे दुसऱ्याच दिवशी दिसलं, कारण दुसऱ्या दिवशी ते विसरून आधी बोलले.

रात्रपाळीच्या मुलाने रोल बदलायची पद्धत लिहून काढली आणि ती ऑपरेटरांना शिकवायचं काम त्याच्याकडेच दिलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लाखो सुपरवायझरांना शिकवायला शिकवलं गेलं, त्यातल्या चार पायऱ्या आजही पुरतात: शिकणाऱ्याला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर येऊन बघा. आपण चौथी पायरी नेहमी विसरतो. त्याने ती विसरू नये म्हणून व्यवस्थापकांनी त्याच्या मागे लागायचं ठरवलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की ते मशीनऐवजी माणसाच्या मागे लागले आहेत. तीच चिकाटी, जागा बदललेली.

रजिस्टरमधलं वाक्यही बदललं. दोन महिन्यांनी एका पानावर होतं: 'पट्टीची रेघ दोन मिलिमीटर सरकली. आवळली. स्क्रूचे आटे झिजलेत, मेंटेनन्सला सांगितलं, उद्या बदलणार.' फोन केल्याचा उल्लेख नाही.

जे जमलं नाही

पहिल्या पाळीच्या ज्येष्ठ सुपरवायझरांना यातलं काही पटलं नाही. त्यांच्या लेखी सर आता जबाबदारी झटकतात. "पूर्वी धावून यायचे, आता वही घेऊन उभे राहतात," असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. त्यांच्याशी हा बदल आधी बोलून, समजावून करायला हवा होता. इतकी वर्षं ज्या माणसाला आधार मिळत आला, त्याचा आधार एका सकाळी न सांगता काढून घेतला तर त्याला तो अपमान वाटतो. व्यवस्थापकांनी नंतर त्यांच्याशी बसून बोलणं केलं, पण गाठ पूर्ण सुटली नाही.

महिनाअखेर अजूनही अवघड जाते. डिस्पॅचचा ताण वाढला की पावलं तीनची दोन होतात, दोनची एक. एकदा तर त्यांनी दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला चारचौघांत बाजूला केलं आणि स्वतः दार उघडलं. फरक एवढाच की त्या संध्याकाळच्या दहा मिनिटांत ते स्वतः बोलले, "आज मी मध्ये पडलो. गरज नव्हती." दुसऱ्या पाळीचे मोजकं बोलणारे सुपरवायझर त्यावर म्हणाले, "थोडी होती, सर." मग थांबे कोणते कोणाचे यावर जी चर्चा झाली ती इतक्या दिवसांतली सगळ्यांत मोकळी चर्चा होती.

वरची जागा अजून भरलेली नाही. त्यांनी मध्ये आठ दिवसांची रजा घेतली आणि तिसऱ्या दिवशी मला फोन केला. लाईनवरून एकही फोन आला नाही, याची त्यांना काळजी वाटत होती. "काही लपवत तर नाहीत ना?" मी म्हटलं, परत जाल तेव्हा रजिस्टर वाचा. परत गेले, वाचलं. दोन थांबे होते, दोन्हींची कारणं लिहिलेली, एक त्यांच्या मते चुकीचं.

ते चुकीचं कारण त्यांनी खोडलं नाही. शेजारी पेन्सिलीने लिहिलं: 'काय पाहिलंस ते उद्या मला सांग.'